टोकेकरकाकांचं हवाई अंतर

माझ्या आत्याचे यजमान इंदूरचे. एकदा थंडीत ते आमच्याकडे ग्वाल्हेरला आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवे बूट घालून ओट्यावर उभे राहिले. समोरच्या ओट्यावर टोकेकरकाका दाढी करत होते. काका दाढी नेहमी उन्हात, रस्त्याकडे तोंड करून करायचे. त्यामुळे अर्धी दाढी साबणाने व्हायची आणि अर्धी गप्पांनी.

"किल्ला किती लांब आहे हो इथून?" आतोबांनी विचारलं.

"दोन किलोमीटर," काका म्हणाले. "त्यातही मी जास्तच धरून बोलतोय."

आतोबा खूश होऊन पायी निघाले. जेवणाला परततो म्हणाले होते, ते चहाच्या वेळेला टेम्पोतून उतरले. बूट हातात होते. आमच्या पाटणकर बाजारामागच्या गल्लीतून निघून, बाजार पार करून, किल्ल्याच्या उरवाई दरवाजापर्यंत जाऊन, तो चढ चढून ते वर पोचले होते आणि वरून आमच्या गल्लीच्या दिशेला पाहत त्यांनी काकांना काय काय म्हटलं ते आत्याने आम्हाला कधी सांगितलं नाही. संध्याकाळी ते थेट काकांच्या ओट्यावर गेले.

"अहो, दोन किलोमीटर म्हणालात!"

"मग? दोनच आहे," काका शांतपणे म्हणाले. "हवाई अंतर."

"मी काय उडत जाणार होतो?"

"ते तुम्ही सांगितलं नाही नं. तुम्ही लांबी विचारली, मी लांबी सांगितली. आणि किल्ला उंचावर आहे हे तर इंदूरहूनसुद्धा दिसतं!"

टोकेकरकाकांची ओळख करून द्यायला एवढं पुरे. पण एवढ्यावर थांबलं तर माणूस हट्टी होता असं वाटेल. हट्टी ते होतेच, फक्त त्यांचा हट्ट कशासाठी होता हे कळायला मला तिथून पार देशाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं.

काकांची सारी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. ट्रंककॉलच्या जमान्यात दोन गावांमधलं अंतर नकाशावर सरळ रेघ मारून धरत आणि त्यावर कॉलचा दर ठरे. मधे चंबळेची खोरी आहेत की डोंगर आहे, रस्ता कुठून वळसा घेतो, याच्याशी खात्याला घेणंदेणं नव्हतं. काकांच्या डोक्यात ती सरळ रेघ जी बसली ती निवृत्तीनंतरही निघाली नाही. कोणी शहरातल्याच मुरारचं अंतर विचारो की मथुरेचं, काका हवाई अंतर सांगायचे. नुसतं सांगायचे नाहीत, त्याप्रमाणे वागायचे. मुरारला लग्न असलं की "पाच-सहा किलोमीटर तर आहे" म्हणून इतक्या उशिरा घरातून निघायचे की तिथे पोचेपर्यंत पंगत उठून वाढपी जेवत असायचे. टेम्पो पडाव चौकाच्या गर्दीत अडकला की काका खिडकीतून मान काढून समोरच्या गाड्यांकडे अशा नजरेने बघायचे, जणू त्या नकाशात नसतानाही मुद्दाम आल्या आहेत.

"बाबूजी, दस मिनट की देर और है," टेम्पोवाला म्हणायचा.

"देर तुम्हारी है, दूरी उतनी ही है," काका म्हणायचे.

सुधाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, यावर उपाय काढला होता. लग्न अकराला असलं की त्या काकांना नऊ सांगायच्या. काकांना हे ठाऊक होतं. पण ठाऊक आहे असं दाखवलं तर चूक कबूल करावी लागेल, म्हणून ते दरवेळी फसायचे. काकू बाकी फार बोलत नसत. फक्त हवाई अंतराचा उल्लेख झाला की एकच वाक्य म्हणायच्या, "मी काय कावळ्याशी लग्न केलंय?"

त्यांना दोन मुलं. मोठी गुड्डी आणि धाकटा बंटी. ही घरातली नावं. शाळेतली नावं गल्लीत कोणी वापरली नाहीत. दोघं हुशार निघाली आणि हुशार मुलं जे करतात ते त्यांनी केलं. गावात राहिली नाहीत. पण लोकांची मुलं पुण्याला, बंगलोरला जातात. टोकेकरांची मुलं भलतीकडेच गेली. गुड्डी अरुणाचलात तेजू नावाच्या गावी शाळेत शिकवायला गेली. "दोन वर्षांनी परत येईन" म्हणाली आणि तिथेच रमली. बंटीने समुद्रातल्या प्रवाळांचा अभ्यास धरला आणि लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर जाऊन बसला. ज्या मुलाने लहानपणी पाणी म्हणून फक्त नळाखालची बादली पाहिली होती तो आता दिवसाचा निम्मा वेळ समुद्राच्या आत असायचा. गल्लीत गंमत चालायची : आडनाव टोकेकर, आणि पोरं देशाच्या दोन टोकांना.

काकांनी मात्र दोघांनाही एका शब्दाने अडवलं नाही. त्यांनी फक्त बंटीचा शाळेतला पृथ्वीगोल माळ्यावरून खाली काढला, काकूंच्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला आणि एक टोक ग्वाल्हेरवर धरून दुसरं आधी तेजूवर आणि मग अगत्तीवर नेलं. आणि मग ते जे ओट्यावर धावत आले! मी ऑफिसला निघाले होते.

"वैशू, इकडे ये! जल्दी ये!"

मला वाटलं, काकूंना काही झालं.

"दोन्ही सारखे!" काका दोरा नाचवत म्हणाले. "तेजूला लागतो तेवढाच दोरा अगत्तीला लागतो! मतलब, आम्ही बरोबर मध्यावर आहोत. आता बोल!"

काय बोलणार? मी म्हटलं, "छान आहे काका."

"छान? अग, एवढ्या मोठ्या देशात हा कोण योग! दोघांना सारखे आईबाप मिळालेत."

आतून काकू म्हणाल्या, "दोरा परत आणून ठेवा."

पुढे काकांच्या हाती स्मार्टफोन आला आणि त्यांना एक वेबसाईट सापडली. कुठल्याही दोन विमानतळांची नावं टाका, ती त्यांच्यामधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ सांगायची. विमान तिथून खरोखर जातं की नाही याची पंचाईत ती करत नसे. काकांचं आणि त्या साईटचं जसं स्वभावाने जुळलं तसं दुसरं मी पाहिलं नाही. ग्वाल्हेर ते तेजू सतराशे ऐंशी किलोमीटर आणि ग्वाल्हेर ते अगत्ती अठराशे तीस, असं तिने सांगितलं तेव्हा काका दिवसभर दोरा पुन्हा पुन्हा गोलावर ताणून बघत होते. दोऱ्याने पन्नास किलोमीटर खाल्ले होते. संध्याकाळी त्यांचा चेहरा उजळला.

"आपण इथे नसतो राहिलो आणि दक्षिणेला डबऱ्याच्या जरा पुढे राहिलो असतो," ते काकूंना म्हणाले, "तर अगदी सारखं झालं असतं."

"मी आता डबऱ्याला बिऱ्हाड नाही नेणार," काकू म्हणाल्या. "बंटीला सांगा, तूच थोडा अलीकडे सरक."

विमानतळांची जी तीन अक्षरी खूण असते तीही काकांनी त्या साईटवरूनच उचलली. तेजू म्हणजे टीईआय, अगत्ती म्हणजे एजीएक्स. मग घरात मुलांना तीच नावं पडली. "आज टीईआयचा फोन नाही आला." "एजीएक्सला सर्दी झालीय, म्हटलं मिठाच्या पाण्याने गुळण्या कर, तर म्हणतो दिवसभर तेच करतोय." भाजीवालीला वाटे, काका शेअरबाजारात पडले.

आणि त्या साईटने सांगितलेलं सगळ्यात लाडकं उत्तर म्हणजे तेजू ते अगत्ती : तीन हजार एकशे चाळीस किलोमीटर, साधारण साडेचार तास. हे उत्तर काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. कोणी सहानुभूतीने "मुलं फार लांब गेली हो तुमची" म्हटलं की काकांचं ठरलेलं होतं, "लांब कुठली? बहीण-भावात साडेचार तासांचं अंतर आहे. आमचे साडू झाशी-भोपाळ करतात त्याला त्याहून जास्त वेळ लागतो."

मी औषधाच्या कंपनीत नोकरी करते आणि कामासाठी विमानाने फिरते. म्हणून एकदा मी सांगून पाहिलं की काका, तेजूहून अगत्तीला थेट विमान नाही. तीन-चार विमानं बदलावी लागतात, शिवाय हवा बिघडली की बसून राहावं लागतं.

"ते वेगळं," काका म्हणाले.

"वेगळं कसं? पोचायला दोन-तीन दिवस लागतात."

"वेळ थांबण्यात जातो, अंतरात नाही जात." आणि त्यांनी विषय बदलला.

मग गुड्डीचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच शाळेत गणित शिकवणारा, तिथलाच, मिश्मी समाजातला. नाव अजय. गल्लीने श्वास रोखून धरला की आता टोकेकरांकडे काय होतं. काकू दोन दिवस देवासमोर बसून राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी फोनवर गुड्डीला एकच प्रश्न विचारला, "स्वभावाने कसा आहे?" काकांनीही एकच विचारला, "त्याचं घर एअरपोर्टपासून किती?"

"चालत वीस मिनिटं, बाबा."

"मी वेळ नाही विचारला. अंतर विचारलं."

लग्न तेजूलाच करायचं ठरलं, पण आपल्या पद्धतीने. ग्वाल्हेरच्या आमच्या लश्कर भागातल्या गुरुजींनी मुहूर्त काढून दिला. अडचण बंटीची होती. त्याला कामातून मोकळं होता येत होतं ते मुहूर्ताच्या फक्त एक दिवस आधी. मी काकांना म्हटलं, पुढचा मुहूर्त घ्या. बंटी स्वतः फोनवर म्हणाला, "बाबा, मतलब समजून घ्या नं, इथून विमान कधी कधी उडतच नाही."

काका पृथ्वीगोल मांडीवर घेऊन बसले होते. "हे बघ, काम साडेचार तासांचं आहे. मी तुला एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र देऊन राहिलोय. यात काय नाही होणार?"

बंटीने पुढे वाद घातला नाही. बापाशी कोणत्या विषयावर बोलू नये हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

काकूंच्या आग्रहाने मीही लग्नाला निघाले. "तुला विमानातलं कळतं," त्या म्हणाल्या, "आणि यांना नाही कळत, हे यांना कळत नाही." आम्ही दिल्लीपर्यंत रेल्वेने गेलो, पुढे दिब्रुगडपर्यंत विमान आणि तिथून गाडी. काकांचा हा पहिला विमानप्रवास. दिल्लीला विमानाला उशीर झाला आणि आम्ही बाकड्यावर बसून राहिलो.

"हा वेळ धरायचा नाही," काका मला समजावत म्हणाले. "हा उड्डाणाचा वेळ नाही."

"मग आपण इथे काय करून राहिलो?" काकूंनी विचारलं. काकांनी चिवड्याचा डबा उघडला.

विमानात त्यांना खिडकी मिळाली. टेकऑफला काकूंनी डोळे मिटून अथर्वशीर्ष धरलं. काका डोळे फाडून बाहेर बघत होते, आणि थोड्याच वेळात अस्वस्थ झाले. त्यांनी हवाईसुंदरीला बोलावलं.

"बेटा, ये सीधा क्यों नहीं जा रहा?"

"सर?"

"अभी बाएँ मुड़ा। मैंने देखा।"

ती बिचारी हसून म्हणाली, विमानाला ठरलेल्या मार्गाने जावं लागतं. काकांना हा मोठा धक्का होता. वरसुद्धा रस्ते असतात! पुढे दिब्रुगडला उतरण्याआधी विमानाने ढगांवर दोन घिरट्या घातल्या तेव्हा तर ते घरातलं कोणी चुकीचं वागल्यासारखे माझ्याकडे वळले. "चक्कर मारून राहिलाय हा! इतकं मोकळं आकाश, आणि चक्कर!"

तेजूला आम्ही पोचलो तेव्हा अजयच्या आईने आमचं जे स्वागत केलं त्यात भाषेची अडचण कुठे आलीच नाही. तिने काकूंचे हात हातात घेतले आणि काकूंनी तिच्या हातात लाडवांचा डबा दिला. गावाच्या मागे निळे डोंगर, घर बांबूचं आणि उंचावर, आणि अंगणात लग्नासाठी सारवण केलेलं. सगळं ठीक होतं. फक्त बंटी नव्हता.

त्या दिवशी अगत्तीला वारा सुटला होता. त्याला न्यायला येणारं छोटं विमान बेटावर आलं, घिरटी घातली आणि न उतरताच परत गेलं. बंटीचा फोन आला तेव्हा काका अंगणात आंब्याची पानं बांधत होते. त्यांनी ऐकलं, "बरं" म्हणाले आणि पुढचं पान बांधलं. दुसऱ्या दिवशी विमान उतरलं, बंटी कोचीला पोचला, पण तोवर पुढचं विमान गेलं होतं. इकडे मुहूर्त आला.

तेजूला मराठी गुरुजी कुठून मिळणार? लश्करातले गुरुजी व्हिडिओ कॉलवरून लग्न लावणार होते. अजयच्या भावाने फोन खांबाला बांधला. गुरुजी खांबावरून मंगलाष्टकं म्हणू लागले आणि सगळं सुरळीत चाललं. मिश्मी पाहुणे मुठीत अक्षता घेऊन, कधी टाकायच्या ते बघायला आमच्या हातांकडे डोळे लावून उभे होते. गुरुजींनी सूर लावला, "शुभमंगल साऽऽव—" आणि नेटवर्क गेलं.

खांबावर गुरुजी तोंड उघडं टाकून थिजले. शेपन्नास माणसं हात वर करून थिजली. अंतरपाट मधे तसाच. अजयने गुड्डीकडे अंतरपाटावरून बघितलं, गुड्डीने माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे. काका बंटीच्या फोनची वाट बघत एका कोपऱ्यात उभे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दोन पावलं पुढे आले आणि टेलिफोन खात्यात खराब लाइनवर ज्या आवाजात बोलायचे त्या आवाजात ओरडले, "सावधान!"

अक्षता पडल्या. ढोल वाजला. हार घातले गेले. आणि तेवढ्यात नेटवर्क आलं आणि गुरुजी "—धान" म्हणून पुढचं मंगलाष्टक म्हणू लागले, म्हणून सगळ्यांनी पुन्हा अक्षता टाकल्या. अजय अजूनही सांगतो की आमची दोन लग्नं झालीत, एक सासऱ्यांनी लावलं आणि एक मोबाइल कंपनीने.

मग कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, की माझ्या बहिणीला नीट सांभाळ. कोणी म्हणालं वैशू पिळेल, कोणी म्हणालं अजयचाच चुलतभाऊ पिळेल. काका म्हणाले, "नाही. कान बंटीच पिळणार."

"पण बंटी कधी येईल?" गुड्डीने विचारलं.

"येईल. तोवर अजयराव, कान तयार ठेवा."

अजयच्या आईला हे सगळं कळलं नव्हतं. तिने गुड्डीला बाजूला घेऊन काळजीने विचारलं, आमच्या मुलाने काय केलं? कान का पिळणार? गुड्डीने अर्थ सांगितला. त्या बाईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, माझ्या मुलालाही सांभाळायचं आहे की, आणि गुड्डीचाच कान धरून पिळला. काकूंना ते इतकं पटलं की त्यांनी दोघींना मिठी मारली.

लग्न झालं तरी आम्ही थांबलो. बंटी कोलकात्यापर्यंत आला होता आणि तिथे धुक्यात अडकला होता. काका रोज सकाळी नाश्ता उरकल्यासारखं करायचे आणि तेजूच्या छोट्याशा विमानतळाच्या कुंपणापाशी जाऊन बसायचे. तिथे एक मोठं झाड होतं आणि कुंपणापलीकडे रिकामी धावपट्टी. त्या दिवसांत तिथे एकही विमान येणार नव्हतं. बंटीही दिब्रुगडला उतरून आमच्यासारखाच गाडीने येणार होता. हे काकांना माहीत होतं. मी त्यांना जेवायला बोलवायला गेले आणि तेच म्हटलं.

"काका, तो इथे नाही उतरणार."

"माहीत आहे."

"मग इथे कशाला?"

काका धावपट्टीकडे बघत राहिले. एक गाय तिथल्या कडेचं गवत खात होती. "अंतर इथून मोजलंय नं," ते म्हणाले.

मी शेजारी बसले. काकांनी सरकून जागा दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैशू, तुम्ही सगळे समजता म्हाताऱ्याला कळत नाही. अग, ट्रंक एक्सचेंजला जन्म गेला माझा. लाइन लागायला किती वेळ लागतो ते मला नाही माहीत? लोक तास तास बसून राहायचे. पण तीन दिवस म्हटलं की माणूस झोपणार कसा? एक पोर इकडे, एक पोर तिकडे. मधे काय झालं, काही बिघडलं, तर कोण कुणाजवळ पोचणार? साडेचार तास म्हटलं की झोप येते."

या वेळी मी नेहमीसारखं "छान आहे काका" मात्र म्हटलं नाही.

"सुधेला नको सांगू," ते म्हणाले. "तिलाही तेच सांगून झोपवलंय."

आणि आमच्या मागे गाडीचा दरवाजा वाजला. बंटी आला होता. शेजारच्या गावापर्यंत त्याला एक गाडी मिळाली, पुढे दुसरी, आणि त्या गाडीवाल्यानेच त्याला सांगितलं की तुझे वडील विमानतळावर बसलेत. गावात सगळ्यांना माहीत झालं होतं. अंगावर चुरगळलेला शर्ट, पायात समुद्रावरच्या रबरी चपला, खांद्याला पिशवी. तो काकांच्या समोर येऊन उभा राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "साडेचार तास?"

मला वाटलं, आता काका काहीतरी हिशेब काढतील, थांबण्याचा वेळ वेगळा करतील. काकांनी उठून त्याच्या गालावरून हात फिरवला.

"दाढी किती वाढलीय रे," ते म्हणाले. एवढंच. मग बंटीने त्यांचा दंड धरला.

कानपिळी अंगणात झाली. सगळं गाव जमलं. बंटीने तीन दिवसांचा राग काढून अजयचा कान असा पिळला की अजय मराठीत ओरडला. मराठीतला त्याचा तो पहिला शब्द होता आणि तो गुड्डीने शिकवलेला होता, एवढंच सांगते. नंतर बंटीने पिशवीतून भेट काढली. अगत्तीचे मच्छीमार वाळवतात तो टणक, काळा मासा. काकूंनी पदर नाकाला लावला आणि थेट घरामागे गेल्या. अजयच्या आईने मात्र तो हातात घेऊन वास घेतला, नखाने टोकरून पाहिला आणि बंटीच्या पाठीवर अशी थाप मारली की दोन्ही घरांचं नातं तिथे पक्कं झालं. त्या दिवशी एका बाजूच्या चुलीवर तो मासा शिजला आणि दुसऱ्या बाजूच्या चुलीवर काकूंचं वरण. दोघी विहिणी मधल्या जागेत बसून एकमेकींना खाणाखुणांनी कृती सांगत होत्या.

लश्करला परतल्यावर काका सुधारले का? छे. हवाई अंतर सांगणं चालूच राहिलं. फक्त त्याला आता एक पुरवणी लागली. कोणी विचारलं, मुरार किती लांब, तर काका म्हणायचे, "हवाई अंतर सहा किलोमीटर. बंटी धरून पाऊण तास." बंटी म्हणजे वाटेत होणारा सगळा खोळंबा. हा शब्द गल्लीत इतका रुळला की आमच्याकडे अजूनही चालतो. "कुकर लावलाय, बंटी धरून अर्ध्या तासात वाढते." "डॉक्टरांनी चारला बोलावलंय, बंटी धरून सहाला सुटू." बंटी सुट्टीत आला तेव्हा त्याने हे ऐकलं आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

पुढे गुड्डीला दिवस गेले. काकूंनी सामान बांधायला घेतलं आणि काकांनी काही विचारलंच नाही. तेही बॅग भरू लागले. बाळंतपण करून परत यायचं ठरलं होतं. पण नातीला बघितल्यावर परतीचं तिकीट आधी पुढे ढकललं, मग विसरलं. काका तिथे वर्षभर राहिले. रोज नातीला कडेवर घेऊन त्या झाडाखाली जायचे, गाय दाखवायचे, म्हणे. तिथेच पावसाळ्यात एका दुपारी, जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. तेव्हा दोन्ही मुलं त्यांच्याजवळ होती. बंटी सुट्टी घेऊन आदल्याच आठवड्यात आला होता. या वेळी निघायची तारीख त्याने बाबांना विचारून ठरवली नव्हती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते इथेच, ग्वाल्हेरच्या विमानतळावर. गुड्डीच्या बाळंतपणाला निघालेल्या काका-काकूंना दिल्लीच्या विमानात बसवून द्यायला मी गेले होते. तपासणीच्या वेळी बेल्ट काढावा लागतो असं बंटीने फोनवर सांगितलं होतं, म्हणून काकांनी तो घरूनच काढून मोठ्या बॅगेत भरला होता, आणि ती बॅग ढकलगाडीवर सगळ्यात खाली गेली होती. पँट सैल. काका एका हाताने कंबर धरून चालत होते. फरशी गुळगुळीत, काकूंना घसरायची भीती, म्हणून दुसऱ्या हातात काकूंचा हात. ढकलगाडी एका जवानाने दया येऊन ढकलली.

काचेच्या दरवाज्याच्या आत गेल्यावर काका वळले. मी बाहेरून हात हलवला. त्यांना परत हात हलवायचा होता. त्यांनी एकदा पँटीकडे पाहिलं, एकदा काकूंच्या हाताकडे. मग पँट सोडली, हात चांगला डोक्यावर नेऊन हलवला, आणि गुडघ्यापर्यंत पोचलेली पँट वर ओढत, काकूंचा हात न सोडता, आत निघून गेले.